दिवेलागणीला मोबाईल फळीवर!

भातलावणीचे दिवस आले की पनवेल तालुक्यातल्या गावांतून सारे घर शेतावर जाते. मागे राहते आजी आणि लहान लेकरे. पोर जेवेना, रडू लागले, की हातात मोबाईल नाहीतर टॅबलेट येतो. पोर गप्प बसते, काम उरकते. पण माय-भगिनींनो, मूल बोलायला शिकते ते समोरचे माणूस त्याच्या बोबड्या बोलाला उत्तर देते म्हणून. पडदा नुसता बोलतो, मुलाचे ऐकत नाही.

मग किती वेळ द्यावा? इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली वयाप्रमाणे मर्यादा सांगितली आहे:

दोन वर्षांपर्यंत – पडदा नकोच. दूरच्या मामा-मावशीशी कधीमधी व्हिडिओवर बोलणे चालेल.

दोन ते पाच वर्षे – दिवसाला फार तर एक तास, तोही मोठे माणूस शेजारी बसून.

पाच ते दहा वर्षे – दोन तासांच्या आत.

दहाच्या पुढे – मैदानी खेळ, झोप, अभ्यास आणि घरातल्यांशी बोलणे यांतले काही बुडू लागले, की मोबाईल कमी करावा.

जेवताना आणि झोपेच्या आधी तासभर पडदा कुणालाच नको.

पण बाप मोबाईल बघत बसला, तर पोर कसे ऐकेल? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने हे ओळखले. कोरोनात शाळा मोबाईलवर भरली. पुढे शाळा उघडल्या, तरी मुलांच्या हातचा मोबाईल सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठराव केला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. सुरुवातीला काहीजण हसले. मग अंगणवाडी सेविका, आशाताई आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, तेव्हा नियम रुजला.

तुमच्या घराला भोंगा कशाला हवा? देवापुढे दिवा लागला, की घरातले सगळे मोबाईल फळीवर ठेवा, आधी मोठ्यांचे. पोराला शेंगा सोलायला जवळ बसवा, शाळेत काय झाले ते विचारा. पहिले काही दिवस ते हट्ट करील, आदळआपट करील. तुम्ही मात्र नमू नका. आज सवय लावाल, तर उद्या भांडण करावे लागणार नाही.