कोल्हापूरचं एटीएम, पुण्याची बँक आणि उत्तर कोरिया: कॉसमॉस हॅक नेमका कसा झाला?

११ ऑगस्ट २०१८. महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. दुपारी तीनच्या सुमारास जगातल्या वेगवेगळ्या देशांत काही माणसं एटीएमसमोर उभी राहिली, कार्ड घातलं आणि पैसे काढायला लागली. रात्री दहापर्यंत हा प्रकार सुरू होता. सात तासांत २८ देशांमधून साधारण १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. त्याच वेळी भारतातही रुपे कार्डांवरून २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी रुपये निघाले. भारतातल्या ज्या शहरांत हे पैसे काढले गेले त्यात मुंबई होती, इंदूर होतं, आणि आपलं कोल्हापूरही होतं.

सगळी कार्डं एकाच बँकेची. पुण्याची कॉसमॉस बँक. १९०६ साली सुरू झालेली, देशातल्या सगळ्यात जुन्या आणि मोठ्या सहकारी बँकांपैकी एक.

सोमवारी, १३ ऑगस्टला, दुसरा घाव बसला. बँकेच्या स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका ट्रेडिंग कंपनीच्या खात्यात पाठवले गेले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाख. पुण्यात चतुःश्रृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला.

पुढच्या वर्षी, मार्च २०१९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. ही समिती उत्तर कोरियावरच्या निर्बंधांवर लक्ष ठेवायची. त्या अहवालात अण्वस्त्रं, क्षेपणास्त्रं, समुद्रात चोरून होणारी तेलाची अदलाबदल अशा गोष्टींच्या पंगतीत आपली कॉसमॉस बँकही होती!

मी मूळचा मलकापूरचा. बुलढाण्याचं नाही, शाहूवाडीचंही नाही, कऱ्हाडला चिकटलेलं हायवेवरचं मलकापूर. आमच्याकडून कोल्हापूर तासा-दीड तासावर. सातारा-सांगली पट्ट्यात एक वेळ चहाची टपरी सापडणार नाही, पण पतसंस्था नाहीतर सहकारी बँक नक्की सापडेल. म्हणून मला ही केस फार महत्त्वाची वाटते. जागतिक सुरक्षा हा विषय दिल्ली आणि वॉशिंग्टनचा आहे असं आपण समजतो, आणि तो कोल्हापूरच्या एटीएममध्ये येऊन उभा राहतो.

आधी समजून घेऊ: एटीएममागे काय चालतं?

तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालून दोन हजार मागता, तेव्हा त्या मशीनला तुमच्या खात्यात किती पैसे आहेत हे अजिबात माहीत नसतं. मशीन फक्त एक मेसेज तयार करतं: अमुक कार्ड, अमुक पिन, इतकी रक्कम, देऊ का? हा मेसेज व्हिसा किंवा रुपेच्या नेटवर्कमधून तुमच्या बँकेच्या ‘स्विच’पर्यंत जातो. स्विच म्हणजे सर्व्हरवर चालणारं एक सॉफ्टवेअर. ते पिन बरोबर आहे का हे तपासून घेतं, बँकेच्या मुख्य प्रणालीला, म्हणजे कोअर बँकिंगला, शिल्लक विचारतं आणि उलट मेसेज पाठवतं: ‘द्या’ किंवा ‘नका देऊ’. या मेसेजचा साचा जगभर एकच आहे, त्याचं नाव आयएसओ ८५८३. दोन-तीन सेकंदांत हा सगळा प्रवास होतो.

आता एक पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. जुन्या काळची, कॉम्प्युटर नसलेली. तुम्ही पैसे काढायची स्लिप काउंटरवर देता. शिपाई ती आत नेतो, आत क्लार्क लेजर उघडून शिल्लक बघतो, सही मारतो, शिपाई स्लिप परत आणतो, रोखपाल नोटा मोजून देतो. आता समजा कोणीतरी शिपायाच्या जागी आपला माणूस घुसवला. तो स्लिप घेऊन आत जातच नाही. बोळात उभा राहतो, खोटी सही मारतो आणि परत येतो. रोखपालाला सही दिसते, तो पैसे देतो. आतला क्लार्क निवांत बसलेला. लेजरमध्ये एक ओळही लिहिली गेलेली नाही.

कॉसमॉसमध्ये झालं ते हेच. बँकेने नंतर सांगितल्याप्रमाणे, हॅकर्सनी खऱ्या स्विचऐवजी एक नकली, प्रॉक्सी स्विच उभा केला होता. ‘देऊ का?’ असा मेसेज आला की तो कोअर बँकिंगला न विचारताच ‘द्या’ म्हणायचा. पिन काय, शिल्लक काय, काही फरक पडत नव्हता. कार्डंही बनावट होती, चोरलेल्या माहितीवरून मॅग्नेटिक पट्टीवर लिहून काढलेली. अशी काही शेकडो कार्डं या कामासाठी वापरली गेली.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. त्या वेळी बँक सांगत होती की ग्राहकांच्या खात्यातून एक रुपयाही गेला नाही, तेव्हा बऱ्याच जणांना ती सारवासारव वाटली. पण ते खरं होतं. लेजरला हातच लागला नव्हता ना! व्हिसा आणि रुपेच्या हिशेबात मात्र ‘तुमच्या स्विचने होकार दिलाय, आता पैसे भरा’ असं बँकेलाच सांगण्यात आलं. तोटा बँकेचा झाला. अर्थात सहकारी बँक म्हणजे सभासदांचीच बँक, हे वेगळं सांगायला नको.

शनिवारच का?

हा योगायोग नव्हता. सुट्टीच्या दिवशी बँकेत माणसं कमी असतात, गडबड लक्षात यायला वेळ लागतो. या गटाची ही जुनी सवय आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेवर असाच हल्ला झाला. हॅकर्सनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या बांगलादेशच्या खात्यातून ९५ कोटी डॉलर काढायचा प्रयत्न केला, तोही गुरुवारी रात्री. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी. ढाक्याचं ऑफिस रविवारी उघडलं तर न्यूयॉर्क बंद. आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी, जिथे पैसे पोचले होते! शेवटी बहुतेक व्यवहार अडले, पण ८ कोटी १० लाख डॉलर गेलेच. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर मात्र वाचले, कारण मेसेजमध्ये ‘फाउंडेशन’ या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. कोडिंग करणाऱ्या कुणालाही हे वाचून जरा बरं वाटेल.

कॉसमॉसच्या बाबतीत तर एक दिवस आधी, १० ऑगस्टला, एफबीआयने बँकांना इशारा दिला होता की लवकरच जगभर एकाच वेळी एटीएममधून पैसे काढण्याचा मोठा प्रकार होऊ शकतो.

एका देशाला बँक लुटायची गरज का पडते?

इथे खरं भू-राजकारण सुरू होतं. ऑक्टोबर २००६ मध्ये उत्तर कोरियाने पहिली अणुचाचणी केली आणि संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लावले. पुढे प्रत्येक चाचणीनंतर फास आवळत गेला. २०१७ मध्ये तर कोळसा, लोखंड, मासे, कापड अशा त्यांच्या मुख्य निर्यातीवरच बंदी आली. भारतानेही त्याच वर्षी अन्न आणि औषधं सोडून त्यांच्याशी बाकी व्यापार थांबवला.

आता असा विचार करा. क्षेपणास्त्रं बनवायची आहेत, त्यासाठी बाहेरून सामान आणायचंय, त्याला डॉलर लागतात, आणि डॉलर मिळवायचे सगळे सरळ रस्ते बंद. विमानवाहू जहाज बांधायला हजारो कोटी लागतात. पण हुशार मुलं शाळेतच हेरून त्यांना गणित आणि प्रोग्रॅमिंग शिकवायचं, यासाठी फार खर्च येत नाही. शिवाय पकडलं तरी करणार काय? अणुबॉम्ब असलेल्या देशावर बँक लुटली म्हणून कोणी हल्ला करत नाही. डाव म्हणून पाहिलं तर हा कमी खर्चाचा आणि कमी धोक्याचा मार्ग आहे.

ज्या गटाला सुरक्षा तज्ज्ञ ‘लॅझरस’ म्हणतात, तो उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तचर खात्याचा भाग असल्याचं अमेरिकेचं म्हणणं आहे. २०१४ चा सोनी पिक्चर्स हॅक आणि २०१७ चं वॉनाक्राय रॅन्समवेअर याच गटाच्या नावावर आहे. उत्तर कोरिया हे सगळे आरोप फेटाळतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेने तीन उत्तर कोरियन हॅकर्सवर आरोपपत्र जाहीर केलं. त्याच प्रकरणातला पैसे फिरवणारा एक माणूस अमेरिकेत पकडला गेला होता. त्याने ज्या लुटींचे पैसे पांढरे केले, त्यात २०१८ मधली ‘भारतातली एक बँक’ही आहे.

तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये सांगितलं की २०१७ ते २०२३ या काळातल्या अशा ५८ संशयित हल्ल्यांची ती चौकशी करतेय आणि त्यांची रक्कम साधारण ३०० कोटी डॉलर आहे. त्याच महिन्यात रशियाने नकाराधिकार वापरून या समितीची मुदतवाढच रोखली. युक्रेन युद्धानंतर रशिया आणि उत्तर कोरिया जवळ आलेत, त्याचा हा परिणाम. ३० एप्रिल २०२४ ला समिती बंद झाली. माझ्या मते ही बातमी मराठीत जेवढी चर्चेत यायला हवी होती तेवढी आलीच नाही.

मग तुरुंगात कोण गेलं?

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. यातला एकही उत्तर कोरियन नाही. ही सगळी इथलीच माणसं. बनावट कार्डं घेऊन एटीएममध्ये जाणं, नोटा गोळा करणं, त्या पुढे पोचवणं, अशी त्यांची कामं. सीसीटीव्हीत चेहरे सापडले आणि एकेक जण हाती लागत गेला. बीबीसीने २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, यातल्या काहींना आपण सिनेमातल्या एका सीनसाठी पैसे काढतोय असं वाटत होतं.

कोड लिहिणारा हजारो किलोमीटरवर सुरक्षित बसला, आणि काही हजारांसाठी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला पोरगा आत गेला. या साखळीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी तुटणारी कडी म्हणजे हीच मुलं.

आज एटीएमसमोर उभं राहायचीही गरज उरलेली नाही. टेलिग्रामवर ‘खातं भाड्याने द्या, कमिशन घ्या’ अशा ऑफर फिरतात. याला म्युल अकाउंट म्हणतात. पासबुक, एटीएम कार्ड, सिम द्यायचं आणि पैसे घ्यायचे. देणाऱ्याला वाटतं मी तर काही केलंच नाही. पण चोरीचा पैसा त्याच्या नावावरून फिरतो, पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात, आणि पैसा अमुक टोळीचा होता की तमुक देशाचा, हे त्याला कधी कळतही नाही.

आता मोर्चा क्रिप्टोकडे

एटीएमच्या नोटा गोळा करणं कटकटीचं, म्हणून हे गट क्रिप्टोकडे वळले. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून जवळपास २३ कोटी ५० लाख डॉलर गेले. तुमच्यापैकी काहींचे पैसेही तिथे महिनोन्‌महिने अडकले असतील. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने एकत्र निवेदन काढून त्याचं बोट उत्तर कोरियाकडे दाखवलं. वझीरएक्सच्या म्हणण्यानुसार, सही करणाऱ्यांना स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सही झाली दुसऱ्याच व्यवहारावर. बोळातला नकली शिपाईच, फक्त नव्या कपड्यांत. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्स्चेंजमधून १५० कोटी डॉलर गेले, तेही एफबीआयच्या मते त्यांचंच काम.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी मे २०२४ ची जपानची केस जरूर वाचावी. डीएमएम बिटकॉइनमधून ३० कोटी ८० लाख डॉलर गेले. सुरुवात कुठून झाली? वॉलेट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीतल्या कर्मचाऱ्याला लिंक्डइनवर एका ‘रिक्रूटर’चा मेसेज आला. नोकरीची चाचणी म्हणून पायथनचा कोड दिला. त्याने तो घेतला आणि दार उघडलं. कऱ्हाडला असो की पुण्याला, प्लेसमेंटच्या सीझनमध्ये अनोळखी माणसाने ‘हा प्रोजेक्ट रन करून दाखव’ म्हटलं तर आपल्यातले किती जण आधी कोड वाचतील? मी तरी असा कोड आता वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्येच उघडतो, जिथे माझं कुठलंही लॉगिन नाही.

बँकांच्या बाजूने काही गोष्टी सुधारल्या. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची किमान नियमावली आणली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती बँकेच्या डिजिटल व्यवहारांनुसार चार पातळ्यांवर वाढवली. मॅग्नेटिक पट्टीची कार्डं जाऊन चिपची आली. २०२० पासून नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार मुळातच बंद असतात, तुम्ही चालू केले तरच चालू होतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड सेटिंग्जमध्ये तो पर्याय आहे. परदेशी जाणार नसाल तर तो बंद आहे का ते बघा, एटीएमची रोजची मर्यादाही तिथेच कमी करता येते. तुमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेला घरातलं कुणी सभासद म्हणून जात असेल, तर लाभांशाबरोबर सायबर ऑडिट शेवटचं कधी झालं हेही विचारायला सांगा. आणि खात्यातून न केलेला व्यवहार दिसला की उशीर न करता १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोचली, तर ते गोठवता येतात.