सूचनेचे उत्तर

यंत्राचा आवाज बदलला, हे प्रथम कळते ते त्यापाशी उभ्या असलेल्या कामगाराला. कामगारांकडून सूचना मागविण्याची पद्धत एजी टोयोदा यांनी १९५० साली अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात पाहिली आणि १९५१ साली जपानमध्ये टोयोटात सुरू केली. पुढे तेथे दोरीही आली. दोष दिसताच कामगाराने ती ओढावयाची. दिवा लागतो, मुकादम धावत येतो. दोष तेवढ्यात न निघाल्यास काम थांबते. खरे मर्म या धावत येण्यात आहे. आपल्याकडेही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत कार्यसमित्यांची तरतूद केली होती. सूचनापेट्याही टांगल्या गेल्या; किल्ली कोणाकडे, हे मात्र पुष्कळदा कोणास ठाऊक नसे! उत्तर न मिळालेला कामगार दुसरी चिठ्ठी टाकीत नाही. सूचना नाकारली, तरी कारण त्याला आठवड्याच्या आत कळवावे, आणि तेही त्याच्या यंत्रापाशी जाऊन.