पोलीस म्हणाले ‘हे सिव्हिल मॅटर आहे’, मग पुढे काय? मुद्दाम दिलेल्या त्रासाची भरपाई कोर्टात अशी मागता येते

‘हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.’ पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेलेल्या अनेकांना हे उत्तर मिळतं. ऐकणाऱ्याला वाटतं, विषय संपला. सोशल मीडियावरही कुणी मारहाणीची किंवा बदनामीची पोस्ट टाकली, तर खाली सल्ला ठरलेला असतो: ‘एफआयआर कर.’ दिवाणी कोर्टात जा, असं क्वचितच कुणी म्हणतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. तक्रारीत दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर पोलिसांनी एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं आहे. तेव्हा ‘सिव्हिल मॅटर’ हे टाळाटाळीचं कारण होऊ शकत नाही. पण दिवाणी कोर्टाचा रस्ताही खरा आहे. एकाच घटनेत दोन्ही रस्ते एकाच वेळी वापरता येतात. आणि दिवाणी रस्त्यावर एक घड्याळ टिकटिकत असतं, ज्याची कल्पना बहुतेकांना नसते.

फौजदारी आणि दिवाणीत नेमका फरक काय?

फौजदारी खटल्यात एका बाजूला सरकार असतं आणि दुसऱ्या बाजूला आरोपी. प्रश्न असतो, याला शिक्षा करायची का? दिवाणी दाव्यात तुम्ही स्वतः वादी असता. प्रश्न असतो, तुमचं काय गेलं आणि ते कुणी भरून द्यायचं?

अशा दिवाणी चुकीला कायद्यात ‘टॉर्ट’ म्हणतात, मराठीत ‘अपकृत्य’. गाडी चालवताना लक्ष नव्हतं आणि धडक बसली, तर तो निष्काळजीपणा. पण कुणी ठरवून थोबाडीत मारली, खोलीत कोंडलं, जमिनीत घुसखोरी केली, वस्तू उचलून नेली, बदनामी केली किंवा खोट्या केसमध्ये अडकवलं, तर ती मुद्दाम केलेली अपकृत्यं. भारतात या सगळ्यांसाठी एकच असा कायदा नाही. ब्रिटिश काळापासूनचे कोर्टाचे निकाल आणि वेगवेगळ्या कायद्यांमधली कलमं यांतून हे नियम तयार झाले आहेत.

पुराव्याची पातळीही वेगळी असते. फौजदारीत गुन्हा ‘वाजवी शंकेपलीकडे’ सिद्ध व्हावा लागतो. दिवाणीत कुणाचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं पाहिलं जातं. याचं जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं. फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन 1995 मध्ये दोन खुनांच्या आरोपातून निर्दोष सुटला. मृतांच्या कुटुंबीयांनी दिवाणी दावा केला आणि 1997 मध्ये ज्युरीने त्याच मृत्यूंसाठी त्याला जबाबदार धरलं. भरपाई होती एकूण 3 कोटी 35 लाख डॉलर.

‘मुद्दाम’ म्हणजे वाईट हेतूनेच का?

नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. मारहाण, कोंडून ठेवणं, घुसखोरी या प्रकारांत कृती मुद्दाम केली होती का, एवढं कोर्ट बघतं. मनात द्वेष होता की नाही, हा पुढचा प्रश्न.

सुप्रीम कोर्टाचा 2008 मधला समीरा कोहली निकाल बघा. 1995 मध्ये एक महिला तपासणीसाठी लॅप्रोस्कोपी करून घ्यायला दिल्लीतल्या डॉक्टरकडे गेली. ती भुलीखाली असताना डॉक्टरने बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व अंडाशय काढून टाकलं. डॉक्टरचं म्हणणं होतं, रुग्णाच्या भल्यासाठीच केलं. कोर्टाने हेतूवर शंका घेतली नाही. पण रुग्ण सज्ञान होती, शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकत होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता. त्यामुळे तिच्या संमतीशिवाय केलेली ही शस्त्रक्रिया म्हणजे शरीरावरचं आक्रमण, मारहाणीसारखंच अपकृत्य ठरलं. डॉक्टरला फी मिळाली नाही, उलट 25 हजार रुपये भरपाई द्यावी लागली. हेतू चांगला होता, याचा परिणाम रकमेवर झाला, जबाबदारीवर नाही.

‘मजा केली’ हा बचाव चालतो का?

प्रँक व्हिडिओ बनवणाऱ्यांनी 1897 ची एक इंग्लिश केस जरूर वाचावी. विल्किन्सन विरुद्ध डाउनटन. लंडनमधल्या एका पबचा मालक घोड्यांच्या शर्यती बघायला गेला होता. डाउनटन नावाच्या गिऱ्हाइकाने मालकाच्या बायकोला सांगितलं, ‘तुमच्या नवऱ्याला अपघात झालाय, दोन्ही पाय मोडलेत.’ सगळं खोटं, गंमत म्हणून. तिला एवढा धक्का बसला की ती अनेक आठवडे आजारी होती. कुणी तिला हातही लावला नव्हता. तरीही कोर्टाने 100 पौंड भरपाई दिली. आपल्या कृतीतून इजा होईल हे उघड दिसत असेल, तर ‘मला एवढं अपेक्षित नव्हतं’ ही सबब पुरत नाही.

जखम नाही, मग भरपाई कशाची?

काही अपकृत्यांमध्ये हक्क मोडला, हेच नुकसान मानलं जातं. जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंग यांना सप्टेंबर 1985 मध्ये पोलिसांनी अटक केली आणि त्यांना विधानसभेच्या अधिवेशनाला जाता आलं नाही. अंगावर जखम नव्हती, पैशाचं नुकसानही नव्हतं. सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारला 50 हजार रुपये भरपाई द्यायला लावली. हा आदेश मूलभूत हक्कांच्या याचिकेत झाला, पण त्यामागचं तत्त्व तेच: माणसाचं स्वातंत्र्य बेकायदा हिरावलं, तर त्याला किंमत आहे.

कोंडून ठेवण्यासाठी कुलूप किंवा गज लागतातच असंही नाही. बेकायदा अडवलं आणि कुठल्याच दिशेने बाहेर पडता येत नाही अशी परिस्थिती निर्माण केली, की पुरे. एकच रस्ता अडवला आणि मागे फिरायला मोकळीक असेल, तर मात्र ते कोंडून ठेवणं ठरत नाही.

बदनामी आणि खोटी केस यांचे निकष कडक आहेत. खोट्या केसबद्दल भरपाई मागायची, तर फक्त निर्दोष सुटणं पुरत नाही. केस समोरच्याने केली, ती तुमच्या बाजूने संपली, ती करायला वाजवी कारण नव्हतं, त्यामागे आकस होता आणि तुमचं नुकसान झालं, हे सगळं दाखवावं लागतं.

नंबी नारायणन यांना काय मिळालं?

‘रॉकेट्री’ सिनेमामुळे हे नाव घरोघरी पोहोचलं. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 1994 मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली केरळ पोलिसांनी अटक केली. 50 दिवस ते कोठडीत होते. 1996 मध्ये सीबीआयने आरोप खोटे असल्याचा अहवाल दिला. पुढे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 10 लाख रुपये द्यायला सांगितले. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने 50 लाखांचा आदेश दिला आणि जास्त भरपाईसाठीचा दिवाणी दावा ते पुढे चालवू शकतात, असंही स्पष्ट केलं. अखेर तो दावा मिटवण्यासाठी केरळ सरकारने 2020 मध्ये त्यांना 1 कोटी 30 लाख रुपये दिले.

या केसमध्ये दोन गोष्टी दिसतात. निर्दोष ठरल्यावर नाव साफ होतं, पण गेलेल्या वर्षांचा हिशोब वेगळा मागावा लागतो. आणि तो मागायला 1994 ते 2020 एवढा काळ लागू शकतो.

मुदत किती? हे लक्षात ठेवाच

मुदतीच्या कायद्यानुसार, म्हणजे लिमिटेशन ॲक्ट 1963 नुसार:

• लेखी बदनामी: मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून 1 वर्ष
• बेकायदा कोंडून ठेवणं: सुटका झाल्यापासून 1 वर्ष
• खोटी केस: निर्दोष सुटल्यापासून किंवा केस संपल्यापासून 1 वर्ष
• जमीन किंवा घरात घुसखोरी, भरपाईसाठी: घुसखोरीपासून 3 वर्षं

घरातून किंवा जमिनीवरून जबरदस्तीने हुसकावलं असेल, तर आणखी एक जलद उपाय आहे. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत दावा केला, तर मालकी कुणाची हा वाद बाजूला ठेवून ताबा परत मागता येतो. मालक खरा असला, तरी त्याने कोर्टाच्या मार्गानेच ताबा घ्यायचा, हा यामागचा विचार. हा दावा सरकारविरुद्ध करता येत नाही. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी मात्र आधी वकिलाला करार दाखवावा, कारण त्यांचा ताबा कायद्याने वेगळा धरला जाऊ शकतो.

सगळ्यात महागात पडणारी समजूत ही, की ‘आधी फौजदारी केसचा निकाल लागू दे, मग बघू.’ एफआयआर झाला म्हणून दिवाणी मुदत थांबत नाही. समोरच्याने तुम्हाला कोंडलं आणि त्याच्यावरची फौजदारी केस पाच वर्षं चालली, तर शिक्षा होईलही, पण भरपाईचा दावा मुदतीबाहेर गेलेला असेल.

प्रत्यक्षात काय करायचं?

शरीराला, अब्रूला किंवा वस्तूला झालेल्या नुकसानीचा दावा जिथे घटना घडली किंवा जिथे प्रतिवादी राहतो, त्यापैकी कुठल्याही ठिकाणच्या कोर्टात करता येतो. सरकार किंवा सरकारी अधिकाऱ्याने कामाच्या नात्याने केलेल्या कृतीवर दावा असेल, तर साधारणपणे आधी 2 महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. कोर्ट फी भरण्याची ऐपत नसेल, तर निर्धन वादी म्हणून परवानगी मागता येते. त्रास अजून सुरूच असेल, तर भरपाईसोबत मनाई हुकूमही मागता येतो.

पुरावे पहिल्याच दिवसापासून सांभाळा. डॉक्टरांचं सर्टिफिकेट, बिलं, बुडालेल्या पगाराच्या नोंदी, मेसेज, सीसीटीव्ही फुटेज. फुटेज अनेक ठिकाणी काही दिवसांतच पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा अशी लेखी मागणी लगेच करा.

दिवाणी दावा झटपट न्याय देत नाही. वर्षं जातात, वकिलाची फी लागते आणि निकाल लागला तरी वसुलीसाठी पुन्हा कोर्टात जावं लागू शकतं. सिम्पसनकडून तर बरीचशी रक्कम तो 2024 मध्ये मरेपर्यंत वसूल झालीच नाही. त्यामुळे प्रत्येक भांडणात दावा करा, असं कुणी सांगणार नाही. पण करायचा की नाही, हा निर्णय तुमचा असला पाहिजे, उलटून गेलेल्या तारखेचा नाही. पोलीस ठाण्यात ‘सिव्हिल मॅटर’ हे शब्द ऐकलेत, की घटनेची तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात वकिलाला किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीला भेटा.