कुंडींतील मांसल झाडें कां कुजतात ?

कोरफड, पानफुटी, शेर, निवडुंग हीं झाडें आपल्याकडे बांधावर, कुंपणांत किंवा परसांत कोणी लक्ष न देतां वाढतात. तींच कुंडींत लावून ओटीवर आणलीं म्हणजे वर्षा सहा महिन्यांत मरतात, हा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. अलीकडे या वर्गांतील परदेशी झाडांस, बाजारांत ज्यांस 'सक्युलंट' म्हणतात त्यांस, शहरांत बरी किंमत येते; व कित्येक शेतकरी कुटुंबांतील मंडळी जाळीच्या सावलींत त्यांचीं रोपें करून विकूं लागलीं आहेत. तेव्हां या झाडांचे विकार ओळखणें हा आतां केवळ हौसेचा प्रश्न राहिलेला नाहीं.

या झाडांचें पान किंवा खोड हें पाण्याचें कोठार होय. ज्वारी किंवा कापूस यांच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रें दिवसा उघडीं असतात व त्यांतून पाण्याची वाफ सारखी बाहेर पडते. बहुतेक मांसल वनस्पती तीं छिद्रें दिवसा मिटून ठेवतात. रात्रीं हवा थंड झाली म्हणजे तीं उघडून त्या कार्बन डायऑक्साइड वायु आंत घेतात व अम्लाच्या रूपानें सकाळपर्यंत सांठवितात. पानफुटीचें पान सकाळीं आंबट व दुपारीं बेचव लागतें, हें बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञानें हिंदुस्थानांतच पाहिलें होतें. त्याचें टिपण १८१५ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीनें छापलें. या रचनेमुळें झाडाचा पाण्याचा खर्च फारच थोडा असतो. खर्च थोडा आणि घालणाऱ्याचा हात सढळ, अशी स्थिति झाली म्हणजे कुंडींतील माती कधींच वाळत नाहीं. मातींतील हवेची जागा पाणी घेतें, मुळें गुदमरून मरतात, आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढून ती खोडापर्यंत पोंचते.

घोंटाळा होतो तो पुढें. मूळ मेलें म्हणजे पानास पाणी मिळेनासें होतें व पान सुरकुततें. तहानलेल्या झाडाचेंही पान असेंच सुरकुततें. शेतांत पाणी तुंबलें म्हणजे पाण्यांत उभी असलेली तूरही माना टाकते, हें आपण पाहतों व चर काढावयास धांवतों; पण कुंडीपुढें मात्र हें ज्ञान आपणांस आठवत नाहीं. आमच्या घरीं आईच्या हातची एक जुनी कोरफड होती. पानें सुरकुतलीं असें पाहून मीं तिला रोज तांब्याभर पाणी घालूं लागलों. आठ दिवसांनीं सहज धरून पाहिलें तों ती मुळांवांचूनच हातांत आली.

म्हणून पान सुरकुतलेलें दिसतांच तांब्या उचलूं नये; आधीं माती पाहावी. वरचा थर फसवा असतो. एक सुकी बांबूची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून घटकाभरानें काढावी. काडी कोरडी निघाली तर झाड तहानलेलें आहे. भरपूर पाणी द्यावें, तीन-चार दिवसांत पानें पुन्हां भरतात. काडीला ओली माती चिकटून आली आणि पान तरीही सुरकुतलेलेंच असलें, तर मुळें गेलीं असें समजावें. पानें पिवळीं, पारदर्शक व मऊ होऊन बोट लागतांच गळूं लागलीं, तर संशयाला जागाच नाहीं. बुंध्याशीं काळसर डाग व दुर्गंधि असली तर एक दिवसही थांबूं नये.

अशा वेळीं झाड कुंडींतून काढून मुळांची माती झाडावी. चांगलें मूळ घट्ट व फिकट रंगाचें असतें. मेलेलें तपकिरी, बुळबुळीत असून त्याची साल ओढतांच सुटून येते. मेलेला भाग स्पिरिटनें पुसलेल्या धारदार सुरीनें कापावा. कुजवा खोडांत गेला असेल तर कापाच्या तोंडावर तपकिरी ठिपकाही दिसणार नाहीं इतकें वर कापीत जावें. येथें हात आंखडणें म्हणजे झाड गमावणें होय. कापलेला शेंडा सावलींत, हवेशीर जागीं, चार ते सात दिवस तसाच ठेवावा. जखम वाळून तिच्यावर कवच धरलें म्हणजे कोरड्या भरड मिश्रणांत रोवावा, आणि आठवडाभर पाण्याचा थेंबही देऊं नये. शेराच्या जातीचीं झाडें कापतांना निघणारा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, ही गोष्ट विसरूं नये.

आतां मातीविषयीं. आपली काळी जमीन पिकांस सोन्यासारखी असली तरी कुंडींत ती घातक ठरते. ओली झाली म्हणजे फुगून हवा कोंडते, वाळली म्हणजे भेगाळून नाजूक मुळें तोडते. चाळून धूळ काढलेला बारीक मुरूम दोन भाग, नदीची भरड वाळू एक भाग, आणि पूर्ण कुजलेलें खत किंवा पोयट्याची माती एक भाग, हें मिश्रण मला सर्वांत भरंवशाचें वाटतें. ताजें शेण कधींही घालूं नये. कुंडी भाजलेल्या मातीची, न रंगविलेली व तळाशीं भोंक असलेली हवी. बिनभोंकाच्या चिनी मातीच्या सुबक भांड्यांनीं जितकीं झाडें मारलीं तितकीं कोणत्याही किडीनें मारलीं नसतील. तळाशीं खड्यांचा जाड थर दिला म्हणजे निचरा सुधारतो, अशी एक समजूत पक्की रुजलेली आहे. ती चुकीची आहे. बारीक मातींतलें पाणी खालच्या भरड थरांत, वरची माती पूर्ण भिजून निथळूं लागेपर्यंत, उतरतच नाहीं. त्यामुळें पाण्याचा थर उलट वर, मुळांच्या जवळ येतो. भोंकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवला म्हणजे पुरे.

पाणी थोडें थोडें रोज न देतां, एकदांच तळांतून निथळेपर्यंत द्यावें, व माती तळापर्यंत कोरडी होईतों पुन्हां देऊं नये. ताटलींत सांचलेलें पाणी ओतून टाकावें. हें अंतर किती दिवसांचें तें पंचांग सांगत नाहीं, काडी सांगते. पावसाळ्यांत मात्र कुंड्या छपराखालीं, पण पागोळ्यांपासून दूर घ्याव्या. कोंकणांत याला पर्याय नाहीं.

प्रकाश कमी पडल्यास झाड फिकट होऊन लांबट वाढतें व पानापानांतील अंतर वाढतें. असें ताणलेलें खोड पुढें उजेडांत ठेवलें तरी आंखडत नाहीं. शेंडा कापून वर सांगितल्याप्रमाणें लावावा, खालच्या बुंध्यासही पुष्कळदां नवे फुटवे येतात. पण सावलींतलें झाड एकदम चैत्र-वैशाखाच्या उन्हांत ठेवूं नये. उन्हाच्या बाजूस पांढुरके, कागदासारखे डाग पडतात व ते कायमचे राहतात. पंधरा दिवसांत हळूहळू ऊन वाढवावें. कडक उन्हांत कोरफड तांबूस होते, तो मात्र रोग नव्हे.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण होय. याच्याच नात्यांतला एक कोचिनील किडा तांबड्या रंगासाठीं १७९५ सालीं ब्राझिलहून बंगाल्यांत आणला गेला. रंग तर चांगला मिळाला नाहींच, पण रानोमाळ माजलेला एका जातीचा निवडुंग त्यानें फस्त केला. यावरून या कुळाची भूक कळावी. किडलेली कुंडी प्रथम वेगळी ठेवावी. कापसाचा बोळा स्पिरिटमध्यें बुडवून एकेक किडा पुसावा, व आठवड्यानें पुन्हां पाहावें, कारण अंडीं मागें राहतात. किडी फार असतील तर एक लिटर पाण्यांत पांच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडा साबण मिसळून संध्याकाळीं फवारावें. आधीं एका पानावर घेऊन पाहावें, कारण कांहीं जातींच्या पानांवरील पांढरी लव त्यानें निघून जाते. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर तिचा माग काढावा. मुंग्या या किडींचा गोड स्राव खातात व त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. वर कांहींच न दिसतां झाड खुरटत असेल तर मुळांशीं पांढरी भुकटी आहे काय तें पाहावें. तीही पिठ्या ढेकणाचीच एक जात असते. तेव्हां मुळें धुवून, वाळवून, नव्या मातींत झाड लावावें व जुनी माती दुसऱ्या कुंडींत घालूं नये.

विहिरीच्या जड पाण्यानें कुंडीच्या कडेवर पांढरा क्षार चढतो. वर्षांतून दोनदां पावसाच्या सांठविलेल्या पाण्यानें माती चांगली धुवून काढावी. अगदीं खालचीं एक-दोन पानें वाळून कागदासारखीं होतात, तीं म्हातारपणामुळें. तीं तेवढीं खुडून टाकावीं.