झगा घातलेलं सफरचंद

चिकू झगा घालतो का? डहाणूच्या एखाद्या वाडीत हे विचारलंत, तर तिथले आजोबा तुम्हालाच चिकू खायला देऊन घरी पाठवतील. पण जर्मनीत सफरचंद खरंच झगा घालतं!

सफरचंद सोलायचं, मधला बियांचा गाभा कोरून काढायचा. पोकळीत बेदाणे, साखर, दालचिनी भरायची आणि अख्खं फळ पिठाच्या चौकोनी पोळीत गुंडाळून भट्टीत ठेवायचं. ‘आप्फेल इम श्लाफरॉक’, म्हणजे झोपायच्या झग्यातलं सफरचंद तयार!

हा झगा पुष्कळदा आपल्या बेकरीतल्या खारीच्या जातीचा असतो. मैद्याच्या पोळीत लोणी ठेवतात, तिहेरी घडी घालतात, लाटतात, पुन्हा घडी. असं सहा वेळा केलं की लोण्याचे थर किती? तीनला तीनने गुणत जा: 3, 9, 27, 81, 243... 729! भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा लागते. ती वर ढकलत सुटते. लोण्यामुळे पदर एकमेकांना चिकटलेले नसतात, म्हणून ते सुटे होऊन फुलतात. आणि गव्हात ग्लुटेन नावाचं ताणलं जाणारं प्रथिन असतं, म्हणून पदर चटकन फाटत नाहीत.

तांदळात ग्लुटेन नाही. तांदळाच्या पिठाचा असा झगा करू गेलात, तर चिंध्याच हाती येतील. पण कोकणपट्टीतल्या आज्यांनी यावर कधीच उपाय काढलाय. पानगी करताना त्या झगा केळीच्या झाडाकडून उसना घेतात! तव्यावर पान बाहेरून करपतं, आत कोंडलेल्या वाफेवर पीठ शिजतं. मला विचाराल, तर ही युक्ती जास्त हुशारीची.

मग सफरचंदाऐवजी चिकूच गुंडाळला तर? सफरचंद डहाणू-तलासरीत सहसा पिकत नाही. त्याच्या झाडाला कडक थंडी लागते. चिकू मूळचा मेक्सिकोकडचा, त्याला आपली उबदार किनारपट्टी मानवली. इतकी, की 2016 मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. पण भट्टीसाठी आंबट सफरचंद घेतात, कारण आंबटपणामुळे फळ शिजतानाही लवकर लगदा होत नाही. चिकूत आंबटपणा नावालाच. पिकलेला चिकू झग्यात शिरला, तर बहुधा हलवा होऊन बाहेर येईल. कच्चा घ्यावा, तर त्यातला चीक आणि टॅनिन तोंडाला मिठी घालतात. (याच झाडाच्या खोडातल्या चिकापासून पूर्वी च्युइंगम करत!)

भट्टीचं काम मोठ्यांवर सोडा. तुम्ही बादलीभर पाणी घ्या. सफरचंदाचा जवळपास पाव भाग हवाच असते, म्हणून ते मजेत तरंगतं. त्याच्या शेजारी एक कच्चा आणि एक पिकलेला चिकू सोडा. तरंगतील की बुडतील? आधी पैज लावा, मग सोडा.