फ्रेमबाहेरची बांगडी

वारणेची अधिकृत गोष्ट आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. माळ होता, तात्यासाहेब कोरे आले, साखर कारखाना उभा राहिला, मग दूध संघ, वारणा बझार, शाळा-कॉलेजं, बालवाद्यवृंद. पक्षाघाताच्या पेशंटचीही अशीच एक अधिकृत गोष्ट असते. अंगावरून वारं गेलं, कोल्हापूरला नेलं, डॉक्टर देवमाणूस निघाले, जोतिबाच्या कृपेनं चालायला लागले, पेढे घ्या. मी फिजिओथेरपिस्ट. दवाखाना थाटून बसत नाही. स्कूटीवरून कोडोली, बहिरेवाडी, सातवे अशी घरोघर फिरते. गळीत हंगामात घरांच्या सोयीनं वेळा बदलते, पाऊस लागला की व्हिडिओ कॉलवर येते. त्यामुळे पेढ्यांच्या आधीचं सगळं मला दिसतं. त्यातलं छापण्यासारखं एवढंच.

सुरुवात अर्थात गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनपासून. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत ते द्यायचं, हे आता बऱ्याच जणांनी ऐकलंय. पण घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून, घरच्यांच्या लक्षात आलं तेव्हापासून नव्हे, हे कॅज्युअल्टीत पोचल्यावरच कळतं. एका घरची मंडळी तिथंच भांडायला लागली. मुलगा म्हणे सकाळी ठीक होते, चुलता म्हणे रात्रीपासूनच गप्प होते. तेवढ्यात सुनेनं आजोबांच्या कोपरीच्या खिशातून दुधाची पावती काढली. म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ आणि वेळ, सकाळी ६ वाजून ४२ मिनिटं. दूध संस्थेत फोन लावला. पलीकडचा पोरगा वैतागून म्हणाला, "आलते की! फॅट कमी लागली म्हणून अर्धा तास भांडून गेले." वाचा शाबूत असल्याचा याहून चांगला दाखला कोण देणार? सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, इंजेक्शन वेळेत गेलं, आजोबा आठवड्यात घरी आले. सुनेला शाबासकी मिळेल असं मला वाटत होतं. आजोबांनी ती पावती मागून घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले, "हे मशिनच खोटं हाय."

कबुतराचं रक्त चोळलं की लकवा उतरतो, हा समज आपल्याकडे अजून टिकून आहे. कबुतरंच तेवढी घाबरून असतात. एका घरी मामांनी नदीपलीकडून टोपलीखाली झाकून एक कबुतर आणलं. मी गप्प राहिले. पहिल्याच आठवड्यात मामांशी वैर घेतलं की त्या घरात आपलं काम संपलं. शिवाय लुळा हात धरून पेशंटला ओढून उठवणारे पाव्हणे कबुतरापेक्षा घातक असतात. खांदा निखळतो तो त्यांच्या प्रेमामुळे. कबुतर दोन दिवस खाटेखाली राहिलं. नातवानं त्याला ज्वारी घातली, नाव ठेवलं आणि तिसऱ्या पहाटे टोपली उलटी केली. घरच्यांनी मामांना कळवलं, "झालं काम." पुढे व्यायामानं हात वर जायला लागला. मामा लग्नाकार्यांत सांगतात, डॉक्टरबाईंचं चालूच होतं, पण गुण आला तो कबुतराचा. परवा त्यांनी दुसऱ्या एका घरी कबुतर पोचवलं म्हणे. सोबत नातवाला नेलं होतं, त्यामुळे मी निर्धास्त आहे.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका बसला की काही जणांच्या लेखी जगाची डावी बाजू उरतच नाही. डोळे चांगले असतात, लक्ष तिकडे वळत नाही. एक आबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "सून ठेचा वाढत न्हाई." ठेचा ताटात रोज असायचा, मिठा-लिंबाच्या शेजारी, म्हणजे डावीकडे. जेवण झाल्यावर तो तसाच राहिलेला बघून सुनेला वाटायचं, म्हातारा मुद्दाम बदनाम करतोय. भावकीत तोवर ती सासऱ्याला उपाशी ठेवते अशी बातमी पोचली होती. मी ताट अर्धं फिरवलं. आबांना ठेचा दिसला, त्यांनी बोटानं पुसून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं. सून माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. दुसऱ्या दिवसापासून आबांची तक्रार बदलली. ठेचा मिळतो, पण भाजी बंद केली.

वाचा गेलेल्यांचे किस्से तर सांगावेत तेवढे थोडे. पॅरिसच्या डॉक्टर ब्रोकांकडे १८६१ मध्ये आलेला पेशंट काहीही विचारलं तरी 'टॅन' एवढंच म्हणायचा. फार चिडला की मात्र त्याच्या तोंडून खणखणीत शिवी निघायची. पाठांतर, आरत्या, गाणी, शिव्या या गोष्टी मेंदू ठरवून बोलण्यापेक्षा निराळ्या वाटेनं काढतो. आमच्याकडच्या एका दादांच्या तोंडी उरलं होतं फक्त "चांगभलं." चहा हवा का? चांगभलं. दुखतंय का? चांगभलं. धाकट्या भावानं ही संधी साधली. दोन साक्षीदार घेऊन खाटेजवळ बसला आणि म्हणाला, "दादा, वरल्या अंगाचा बांध हातभर सरकवतो, चालंल न्हवं?" दादा म्हणाले, "चांगभलं." साक्षीदारांनी माना डोलावल्या. आतून वहिनीबाईंचा आवाज आला, "काल मांजरानं दूध सांडलं, त्येलाबी चांगभलंच म्हणाले." भाऊ तरीही हटेना. तेव्हा दादांनी दुसरा शब्द उच्चारला. तो इथे छापता येत नाही, पण स्पीच थेरपीच्या दृष्टीनं प्रगती मोठी होती. बांध अजून जागेवर आहे.

एक किस्सा आमच्या धंद्याचाच, आम्ही तो सहसा काढत नाही. पेशंट ढीगभर, फिजिओ मूठभर. मग घरच्यांनाच शिकवून तयार करा, हा विचार सगळ्यांना पटलेला होता. त्याची परीक्षा भारतात १४ केंद्रांवर १,२५० पेशंटांत झाली आणि 'अटेंड' नावाचा तो अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले किती? मुद्दाम शिकवलेल्या घरांत ४७ टक्के. न शिकवलेल्या घरांत? ४७ टक्के. त्यावर विद्वानांनी बरीच कारणमीमांसा केली. माझी साधी शंका आहे, ती 'लॅन्सेट' छापणार नाही. न शिकवलेल्या घरांतही सून होतीच.

शिकवण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे मोबाइलवर मेसेज पाठवणं. त्या बाबतीत वारणा जुनी खेळाडू. १९९८ मध्ये इथल्या ७० गावांत संगणक बसले, 'वायर्ड व्हिलेज' म्हणून देशभर गाजावाजा झाला. माहितीचा महामार्ग वगैरे. शेतकरी मुख्यतः विचारायला यायचा तो आपला ऊस किती भरला एवढंच. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस लावून बघितला. तेच काम स्वस्तात झालं. झटका आलेल्यांना दुसरा येऊ नये म्हणून 'स्प्रिंट इंडिया'नं ३१ केंद्रांतल्या पेशंटांना असेच मेसेज, व्हिडिओ आणि माहितीची वही दिली. फरक पडेना, म्हणून अभ्यास मध्येच थांबवला. मी ते वाचूनही मेसेज पाठवत राहिले. बीपीच्या गोळीची आठवण मी एका काकांना रोज करायचे आणि रोज "ओके" यायचं. नंबर पुण्याच्या मुलाचा होता, हे फार उशिरा कळलं. रोज वाचून वाचून त्यानं स्वतःचंच बीपी तपासून घेतलं. वाढलेलं निघालं. आता गोळी तो नेमानं घेतो; काकांचं मात्र आम्हाला पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

आता ज्या घरावरून शीर्षक सुचलं ते घर. सासरे अंथरुणाला खिळलेले, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. त्यांची सून, जिला मी वहिनी म्हणते, घरबसल्या लिज्जतचे पापड लाटायची. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला हा उद्योग वारणेतही आहे. सकाळी पीठ आणायचं, घरी लाटायचं, वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी पोचवायचे. वेळेचं बंधन नाही, म्हणून तर खाटेशेजारी जमलं. वहिनी घड्याळ बघत नसत. लाट्यांचा डबा रिकामा झाला की हात पुसून सासऱ्यांना वळवायचं, मग पुढचा डबा. त्या सासऱ्यांच्या पाठीवर मी कधी साधा लाल डागही पाहिला नाही, आणि घड्याळ लावून कूस बदलणारी घरंही मला माहीत आहेत.

सासरे उभे राहायला लागले तेव्हा मुंबईची नणंद चार दिवस आली. तिनं व्हिडिओ काढला. बाबा अंगणात चार पावलं टाकताहेत, मागे तुळस, वर गाणं. कुटुंबाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या बाहुल्यांचा पाऊस पडला आणि "ताई, तुझ्यामुळे" असं तिघांनी लिहिलं. कमरेचा पट्टा मागून वहिनींनी धरला होता. फ्रेममध्ये त्यांची हिरवी बांगडी तेवढी आली, तीही अर्धी. वहिनींनी तो व्हिडिओ मला दाखवला, बांगडीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही मी."

सासरे गेल्यावर वहिनी पापडांबरोबर दुसरं काम करायला लागल्या. धार काढून झाली की अर्धा दिवस कुणाच्या तरी घरी जातात. सुनांना कूस बदलायला, भरवताना मान किंचित पुढे ठेवायला, चिडलेल्या म्हाताऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकवतात. मीच काही घरं सुचवली. त्यांचा दर ठरलेला आहे आणि त्यात घासाघीस चालत नाही. माझ्या दरात चालते, ही गोष्ट वेगळी.

गेल्या वर्षी नणंदेच्या सासऱ्यांना झटका आला. देखभालीला ब्यूरोकडून आणलेली मावशी टिकेना. नणंदेचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी वहिनींच्या ओट्यावर चहा पीत होते. "वहिनी, तुम्हीच या. बाहेरच्या माणसाचं काम नाही हे, घरचंच माणूस पाहिजे."

"येतो की," वहिनी म्हणाल्या आणि दिवसाचा दर सांगितला, येण्याजाण्याच्या एसटीसकट.

पलीकडे क्षणभर शांतता. "घरच्यांकडूनही पैसे घेणार?"

वहिनींनी लाटी हातात घोळवत विचार केल्यासारखं केलं. "नको असतील तर पट्टा तू धर," त्या म्हणाल्या. "मी व्हिडिओ काढतो."