शेतांत सांपडणारे दगड आणि खरे जीवाश्म

नांगरट चालू असतां अथवा विहिरीचें काम चाललें असतां एखादा चमत्कारिक आकाराचा दगड वर येतो. कोणास तो अंड्यासारखा दिसतो, कोणास हाडासारखा, तर कोणास कासवाच्या पाठीसारखा. अशा वेळीं दोन तऱ्हांनीं नुकसान होण्याचा संभव असतो. दगड साधा असून तो मोलाचा मानला, तर मनुष्य भलत्या भरीस पडतो व पैसा आणि वेळ वायां घालवितो. उलट, दगड मोलाचा असून तो साधा मानला, तर तो बांधावर, घराच्या पायांत किंवा रस्त्याच्या खडींत जाऊन कायमचा नाहींसा होतो. पहिलें नुकसान एका घराचें, दुसरें सर्वांचें. म्हणून ह्या दोहोंतील भेद कसा ओळखावा, हें नवशिक्या संग्राहकास उपयोगी पडेल अशा रीतीनें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्राचीन प्राण्याचा किंवा वनस्पतीचा जो अवशेष, अगर त्याचा जो ठसा, गाळांत गाडला जाऊन खडकांत टिकून राहतो, त्यास जीवाश्म म्हणतात. ह्या व्याख्येंतच परीक्षेची किल्ली आहे. गाडला जाण्यास गाळ लागतो. मग तो नदीचा असो, तळ्याचा असो वा समुद्राचा. म्हणून दगडाचा आकार पाहण्यापूर्वीं तो कोणत्या थरांतून आला, हा प्रश्न विचारावा.

महाराष्ट्राचा सुमारें चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणानें, म्हणजे बेसाल्टानें, व्यापिला आहे. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या तप्त शिलारसापासून तो झाला. अशा रसांत सजीवाचें अंग टिकणें बहुधा अशक्यच. तेव्हां निव्वळ काळ्या पाषाणांतून निघालेला दगड जीवाश्म असण्याचा संभव फारच थोडा. परंतु एक प्रवाह थिजल्यावर दुसरा येईपर्यंत कित्येक ठिकाणीं दीर्घ काळ जाई. त्या अवधींत तळीं सांचत, झाडें वाढत, आणि त्यांचा गाळ पुढील प्रवाहाखालीं झांकला जाई. ह्या मधल्या थरांत जीवाश्म मिळतात. नागपूरजवळ टाकळी येथें स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर ह्या पाद्र्यांनीं असे अवशेष जमविले, आणि नागपूरच्या परिसराचे खडक व जीवाश्म ह्यांवरील त्यांचा निबंध १८५५ सालीं प्रसिद्ध झाला. नदीकांठचा जुना गाळ हें दुसरें ठिकाण होय. गोदावरीच्या गाळांतून मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांची नोंद पिलग्रिम ह्यांनीं १९०५ सालीं केली आहे.

आतां फसविणाऱ्या दगडांकडे वळूं.

पहिली फसवणूक अंड्याची. काळा पाषाण ऊन-पावसानें झिजतांना त्याचे वाटोळे गोटे बनतात व त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात. विहिरींत मुरमाच्या थराखालीं हे गोटे पुष्कळ दिसतात. ते अंडीं नव्हत. गोटा आधींच फुटलेला असेल तर आंत पाहावें: बाहेरचा पापुद्रा व आंतला गाभा एकाच दगडाचे असतात. खऱ्या अंड्याचें कवच पातळ, कांहीं मिलिमीटरांचें, व सर्वत्र जवळजवळ सारख्या जाडीचें असतें; आंतील भरण निराळें असतें. मध्य प्रदेशांतील धार जिल्ह्यांत डायनासोरांचीं ९२ घरटीं व २५६ अंडीं आढळल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. तीं अंडीं सुमारें १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाचीं असून काळ्या पाषाणांत नव्हे, तर चुनखडीच्या थरांत आहेत.

दुसरी फसवणूक झाडाच्या खोडाची. शिलारस थंड होऊन आकसतांना त्यास भेगा पडतात व पांच-सहा बाजूंचे उभे खांब तयार होतात. मुंबईस अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे. यवतमाळ जिल्ह्यांत २०२१ सालीं रस्त्याच्या कामांत असे खांब उघडे पडले होते. खांबास सपाट बाजू व कोन असतात, आंत सर्वत्र एकच दगड असतो. अश्मीभूत खोडाच्या आडव्या छेदावर वर्तुळें किंवा, ताडवर्गी झाड असल्यास, दाट ठिपके दिसतात, आणि उभ्या बाजूस लांकडाच्या शिरा दिसतात. गडचिरोली जिल्ह्यांत सिरोंचा तालुक्यांतील वडधम येथें अशीं खोडें आहेत.

तिसरी फसवणूक हाडाची. काळ्या जमिनींत चुना पाण्याबरोबर खालीं उतरून मुळांभोवतीं सांचतो, आणि बोटांसारखे, हाडांसारखे वांकडे खडे तयार होतात. त्यांवर लिंबाचा रस टाकल्यास बहुधा फेंस येतो. परंतु तेवढ्यानें चुना आहे इतकेंच सिद्ध होतें. तुटलेल्या हाडाचा बाहेरचा थर घट्ट व आंतला भाग जाळीदार, पावासारखा सच्छिद्र असतो. चुनखडाच्या तुकड्यांत अशी व्यवस्थित जाळी नसते. हाड जिभेस चिकटतें अशी एक परीक्षा सांगतात. परंतु कोरडी चिकणमातीही चिकटते. शिवाय औषधें फवारलेल्या शेतांतला दगड जिभेस लावणें धोक्याचें आहे. ही परीक्षा सोडून द्यावी.

चौथी फसवणूक पानाची. दगडाच्या भेगेंत मँगॅनीजचे क्षार शिरून काळी, नाजूक, नेच्यासारखी नक्षी उमटते. तिला मधली शीर नसते, पानाची कड नसते, आणि फांट्या मन मानेल तशा फुटलेल्या असतात. खऱ्या पानांत शिरांचा क्रम ठरलेला असतो.

पांचवी फसवणूक शंखाची. शिलारसांतील वायूच्या पोकळ्या पुढें पांढऱ्या खनिजांनीं व गारगोटीनें भरतात आणि शिंपल्यासारख्या दिसतात. शंखाचे वेढे मात्र एका प्रमाणानें लहान-मोठे होत जातात. आपल्या देवघरांतील शाळिग्राम पाहावा. नेपाळांतील गंडकीच्या पात्रांतून येणारा, चक्रांकित शाळिग्राम हा प्राचीन समुद्रांतील प्राण्याचा जीवाश्म असून त्यावरील कंगोरे किती नियमित असतात, हें सहज दिसतें. सारांश, निर्जीव दगड सजीवाचा बाह्य आकार घेऊं शकतो. आंतील रचना घेऊं शकत नाहीं.

तथापि कांहीं दगड असे असतात कीं, त्यांचा निर्णय शेतावर होणें शक्य नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांत वरोरा तालुक्यांतील पिसदुरा येथें शेतांमधून अश्मीभूत विष्ठेचे गोळे मिळतात. दिसावयास ते ओबडधोबड ढेकळांसारखे. त्यांतील सूक्ष्म कणांची तपासणी वंदना प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली व २००५ सालीं जाहीर केलें कीं, डायनासोरांच्या काळींही गवताच्या अनेक जाती होत्या. पुढें २०११ सालीं, भात ज्या गटांत मोडतो त्या गटांतील गवतेंही तेव्हां होतीं, असें त्यांनीं दाखविलें. आपण जें अन्न पिकवितों, त्याच्या कुळाची इतकी जुनी साक्ष एका ढेकळासारख्या दगडानें दिली. असे गोळे कोणीं बांधाच्या भरावांत टाकले असते, तर ती साक्ष बुडाली असती.

म्हणून संशय असेल तेथें दगड फोडूं नये, तेजाबांत घालूं नये, व विकूं नये. मऊ कुंचल्यानें माती झाडून भिंगानें पाहावें. तो थरांत रुतलेला असल्यास उपसूं नये. कारण थरावांचून जीवाश्म म्हणजे हद्द व नंबर नसलेली जमीन. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें नोंदीचें महत्त्व आम्ही आग्रहानें सांगतों. गांव, तालुका, गट नंबर, कोणत्या बांधापासून किती पावलें, किती खोलीवर, वर व खालीं कोणता थर, आणि तारीख, इतकें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. शेजारीं नाणें ठेवून छायाचित्र घ्यावें. नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर येथील कार्यालयास, आणि नदीच्या गाळांतील हाडें असल्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजास कळवावें.

दगड साधाच निघाला तर एका टपालाचा खर्च गेला. खरा निघाला, तर ज्या जमिनीचा सातबारा आपल्या नांवावर आहे, तिच्या सर्वांत जुन्या दप्तराचें एक पान आपल्या हातून राखलें गेलें, असें होईल.